चाळणीचा उतार

आमच्या दारात मळणीचं यंत्र आलं त्या दिवशी मी नवी चोळी घातली होती, पण यांचं सगळं लक्ष त्या लोखंडावर. त्याच्या अंगावरून हात काय फिरवत होते, वाकून त्याच्या पोटात काय बघत होते! मी त्याच दिवशी त्या यंत्राचं नाव सवत ठेवलं. हे अकोल्याला कापसाच्या एका जिनात फिटरच्या हाताखाली बरीच वर्षं होते. तिथं शिकलेल्या कामाच्या भरवशावर त्यांनी कुणीतरी वापरून टाकलेलं तेलाचं इंजिन आणि गहू मळायचं यंत्र घेतलं, घरी आणून उघडलं, पुसलं, जुळवलं, आणि आम्ही दोघं नवराबायको गावोगाव मळणी करत फिरायला लागलो. साठ सालानंतरची ती वर्षं. खळ्यावर बैलांच्या पायांखाली गहू तुडवून घ्यायची रीत अजून सगळीकडे चालू होती. आमचं यंत्र गावात शिरलं की लोक तमाशाला यावं तसे गोळा व्हायचे.

यांनी इंजिन सांभाळायचं आणि मी यंत्राच्या तोंडात पेंढ्या भरायच्या, चाळणीकडे बघायचं, अशी आमची वाटणी. पेंढ्या आणून देणारी माणसं शेतकऱ्याची. बाई यंत्रावर उभी राहते याचं लोकांना पहिल्यांदा हसू यायचं. मी तोंडाची फटकळ. "हसा, पन पेंढी लवकर द्या," म्हणायची. फाल्गुन लागला की बडनेऱ्याजवळच्या आमच्या वस्तीतलं घर बंद करून निघायचं ते दर्यापूरकडच्या काळ्या रानात, आणि चैत्र सरता सरता परत यायचं. इंजिन बैलगाडीत, यंत्र त्याच्या स्वतःच्या लोखंडी चाकांवर, आणि पुढे ज्यानं बोलावलं असेल त्याची बैलजोडी. माझा संसार त्या दोन महिन्यांत एका पेटीत आणि एका चुलीत मावायचा.

यांना एकाच गोष्टीचा ताठा होता. मळणी सुरू झाली की शेतकऱ्याला हाताला धरून भुशाच्या ढिगाकडे न्यायचे. भुशाला आमच्याकडे कुटार म्हणतात. त्या कुटारात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठ भरून वर काढायचे आणि फुंकर मारून रिकामा तळवा दाखवायचे. "एक दाना दाखवा मालक, मिशी उतरवतो." शेतकरी खूष व्हायचा. मी थट्टा करायची, "मिशी आहे कुठं एवढी उतरवायला!" पण या ताठ्याच्या मागे काय होतं ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली त्याला फार वर्षं झाली नव्हती. खळ्यावर आमचं यंत्र चालायचं, पण पिण्याचं पाणी काही गावांत अजून वरूनच ओतलं जायचं. हे मला म्हणायचे, "आपल्या कामाले डाग लागला तं लोक मशीनले नाही बोलनार. वस्तीले बोलतीन." मला ते पटायचं. पटायचं, तरी मी जे करायचं ते केलंच.

ते सांगायच्या आधी मातेरं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आताच्या पोरींना तो शब्दही ठाऊक नाही. बैलांच्या पायांखाली मळणी व्हायची तेव्हा कितीतरी दाणा खळ्याच्या मातीत रुतून बसायचा. शेतकरी वरची रास उचलून न्यायचा, आणि खाली माती, खडे, काड्या यांच्यात मिसळलेला जो गहू राहायचा त्याला मातेरं म्हणत. ते झाडून न्यायचा हक्क खळ्यावर राबणाऱ्या बायकांचा. विधवा, म्हाताऱ्या, ज्यांचं कुणी नाही अशा. माझी आई झाडू आणि सूप घेऊन जायची आणि टोपलं भरून माती घेऊन यायची. ती माती नदीवर धुवायची, वाळवायची, पाखडायची, खडे वेचायची. एवढं करूनही पोळी खाताना दाताखाली कचकच व्हायचीच. पण गव्हाची पोळी आमच्या घरी तेवढ्याच दिवसांत व्हायची, म्हणून ती कचकचही आम्हाला गोड लागे.

दीक्षा घेतल्यावर वस्तीत ठरलं की आता मातेरं झाडायला जायचं नाही. मजुरी मागायची, दुसऱ्याच्या खळ्यावरची माती मागायची नाही. आईनं सूप आढ्याला टांगलं ते परत काढलं नाही. ती त्या दिवशी जेवली नाही, पण तिची मान मला नेहमीपेक्षा उंच दिसली. मलाही वाटलं, सुटलो.

आणि मग आम्हीच ते यंत्र घेऊन निघालो, ज्याच्या खाली ताडपत्री अंथरली जायची. माती नाही, खुर नाही, मातेरंही नाही. दर्यापूरकडच्या एका गावी आम्ही पहिल्या वर्षी गेलो तेव्हा मळणी संपता संपता एक म्हातारी बाई झाडू आणि सूप घेऊन आली. रास उचलली, ताडपत्री झटकली, दाणा न दाणा पोत्यात गेला. ती बाई मोकळ्या खळ्याकडे बघत उभी राहिली. शेतकरी भला माणूस होता, त्यालाही काहीतरी वाटलं असावं. तो म्हणाला, "मावशी, कुटार चाळून घे. निघंल ते तुयं." बोलायला त्याचं काय जात होतं? कुटारात दाणा नाही हे सकाळीच आमच्या यांनी त्याला दाखवलं होतं. बाई कुटार चाळत बसली. आम्ही गाडी भरून निघालो तरी चाळतच होती. तिच्या सुपात मूठभर तरी दाणे झाले होते की नाही कोण जाणे. वाटेत हे आनंदानं बोलत होते, मी हूं हूं करत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचं सूप होतं.

दुसऱ्या वर्षापासून मी चाळणीचा उतार वाढवायला लागले. यंत्राच्या पोटात दाणा आणि भुसा चाळणीवर पडायचा. चाळणी सारखी हलायची, दाणा तिच्या भोकांतून खाली पडायचा, भुसा पंख्याच्या वाऱ्यानं पुढे उडून जायचा. चाळणीच्या शेपटाकडे दोन बोल्ट होते. ते ढिले करून शेपूट बोटभर खाली केलं की उतार वाढे, आणि थोडा दाणा खाली पडायच्या आत घसरून भुशासोबत बाहेर निघून जाई. यांनी सकाळी शेतकऱ्याला हात घालून दाखवलं की त्यांची परीक्षा झालेली असे. दुपारी ते इंजिनाला पाणी-तेल बघायला गेले की मी पाना घेऊन वाकायची, बोल्ट ढिले करायची, शेपूट खाली घ्यायची, पुन्हा आवळायची. संध्याकाळी यंत्र पुसायच्या निमित्तानं जागच्या जागी. फार नाही, कुणाची रास उणी दिसेल एवढं कधीच नाही. बाईच्या सुपात दोन-चार दिवसांच्या पोळ्यांचं पडावं, बस.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणालाही येतं. गहू दुसऱ्याचा, नाव नवऱ्याचं, आणि दानधर्म माझा. हे मला तेव्हाही कळत होतं. रात्री यांच्याशेजारी पडलं की वाटायचं सांगून टाकावं. सकाळी त्यांना कुटारात हात घालून बढाई मारताना बघितलं की तोंड उघडायचं नाही.

त्या गावी आम्ही तिसऱ्यांदा गेलो तो दिवस उगवला तोच वाकडा. आदल्या दिवसापासून पश्चिमेला ढग होते. फाल्गुनात ढग आले की गव्हाच्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. गंजी भिजली की दाणा काळा पडतो, वर्ष गेलं. मालक, तोच पहिल्या वर्षीचा शेतकरी, झाकटीतच, उजाडायच्या आत खळ्यावर येऊन उभा होता. "बाप्पा, आज दिस बुडाच्या आत दाना घरात गेला पाह्यजे," एवढंच म्हणाला. हे म्हणाले, "जाईन. माया भरवसा." मावशीही येऊन बाभळीखाली बसली होती, सूप मांडीवर घेऊन. मला बघून हसली. तिच्या हसण्यात मागणं नसायचं, ओळख असायची.

इंजिन फटफट करत सुरू झालं, यंत्रानं पाच-दहा पेंढ्या खाल्ल्या, आणि पट्टा निसटला. इंजिनाचं चाक आणि यंत्राचं चाक यांना जोडणारा तो लांबलचक पट्टा जोडावर उसवला होता. यांनी शिवी हासडली, मी पेटीतून सुंभासारखी कातड्याची वादी आणि आर काढली आणि ताडपत्रीवर फतकल मारून पट्टा शिवायला बसले. पट्टा शिवणं माझंच काम. यांचा टाका मोठा पडतो. मालक डोक्यावर उभा. "किती येळ लागनार वं बाई?" मी म्हटलं, "भाऊ, तुमी ढगाले रोखा, मी पट्टा शिवते." माणसं हसली. तोसुद्धा हसला. तेवढं हसू त्या दिवशीचं शेवटचं.

पट्टा झाला तर इंजिन रुसलं. हँडल मारून मारून यांचा खांदा उतरायची वेळ आली, पण ते नुसतं धाप टाकायचं आणि गप बसायचं. शेवटी कळलं की डिझेलच्या डब्यात कुठून तरी पाणी गेलं होतं. टाकी उतरवा, नळी उघडा, फुंकून काढा, फडक्यातून तेल गाळा. हे काळ्या हातांनी काम करत होते आणि मी गाळण्याचं फडकं धरून होते. मालक आता गंजीभोवती फेऱ्या घालत होता. ढग वर सरकले होते. गड्यांपैकी एक जण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, "बैल बरे होते गा. थे पानी पिऊन बी चालतात."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा कुठं यंत्रानं सूर धरला. मी भराभरा पेंढ्या लोटत होते. यांनी मालकाला कुटाराजवळ नेऊन हात घालून दाखवला, पण मालकाचं लक्ष आभाळात होतं. मग जेवणासाठी जरा थांबलो. हे इंजिनाकडे वळले. मी बाभळीखाली बघितलं. मावशी सकाळपासून तिथंच होती, सोबत आणलेली भाकर तिची खाऊन झाली होती आणि सुपाच्या कडेचा सुटलेला विणीचा पट्टा दातानं ओढून बसवत होती.

असल्या दिवशी तरी मी तो पाना हातात घ्यायला नको होता. पण मला वाटलं, आज पाऊस आला तर कुटार भिजेल, चाळता येणार नाही, हिला आज काहीच मिळणार नाही. जे द्यायचं ते आत्ताच. मी वाकले, बोल्ट ढिले केले, शेपूट खाली घेतलं. एक बोल्ट पान्यानं आवळला. दुसरा बोटांनी फिरवत होते तोच मालक मागून आला. "झालं का वं बाई?" मी पाना पदराखाली घेतला. "झालं भाऊ, कचरा काढत होती." तो तिथंच उभा राहिला. यांनी तिकडून हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. मी मनात म्हटलं, घटकाभरानं आवळू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

घटकाभर चाललं. मग यंत्राच्या पोटातून असा आवाज आला की पेंढी देणारा गडी उडी मारून मागं सरला. बोल्ट पडला होता. चाळणीची एक बाजू सुटून खाली पंख्यात गेली होती. यांनी इंजिन बंद करेपर्यंत पंख्याचं पातं वाकलं आणि चाळणी हलवणारा लोखंडी दांडा मधोमध तुटला.

सगळे गोळा झाले. हे पोटावर झोपून आत शिरले, बराच वेळ बघत राहिले आणि बाहेर आले. चेहरा कुटारानं पांढरा झालेला. मालकाकडे बघून म्हणाले, "मायी चूक झाली मालक. सकाळी बोल्ट पाह्यला नाई मी."

त्यांनी पाहिला होता. रोज पहाटे ते एकूण एक बोल्टवर हात फिरवत. त्या दिवशीही फिरवला होता, मी चहा घेऊन उभी होते. पण पट्टा आणि इंजिन यांच्या धांदलीत त्यांना स्वतःच्या हाताचाच भरवसा राहिला नव्हता. कमरेला खोचलेला पाना मी पदरानं आणखी झाकला. मालक म्हणाला, "तुमच्या भरवशावर मी बैलवाल्याले नाई म्हटलं." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हे तुटलेला दांडा आणि वाकलेलं पातं घेऊन लोहाराकडे धावले. मी चाळणी बाहेर ओढून सरळ करायला बसले. हात चालत होते, डोकं जागेवर नव्हतं. गडी बसल्या बसल्या विड्या ओढत होते. मालकानं मावशीला सांगितलं, "बसून काय राह्यली? तंवर कुटार चाळून घे. पानी आलं तं थेही जाईन." ती उठली, कुटाराच्या ढिगाशी बसली आणि सूप हलवायला लागली. सुपात दाणा पडल्याचा आवाज मला ओळखू येतो. तो येत होता.

थोड्या वेळानं ती माझ्याजवळ आली. आजूबाजूला बघितलं आणि माझ्या हातात काहीतरी ठेवून माझी मूठ मिटली. बोल्ट होता. त्यावर घासल्याची एक खूणही नव्हती. आवळला असता तर आटे तरी खरचटले असते. ती म्हणाली, "कुटारात सापडला. ठेव." आणि परत जाऊन बसली.

हे परतले ते घामानं निथळत. लोहारानं दांडा तापवून, ठोकून जोडून दिला होता. दोघांनी मिळून चाळणी बसवली. हरवलेल्या बोल्टच्या जागी यांनी पेटीतला दुसरा घातला आणि दोन्ही असे आवळले की पाना वाकतो की काय. मावशीनं दिलेला बोल्ट माझ्या पदराच्या गाठीत होता. यंत्र सुरू झालं. पुढचं मला नीट आठवतही नाही. पेंढी, तोंड, पेंढी, तोंड. मालक स्वतः पेंढ्या ओढत होता, मावशीही मध्येच उठून पेंढ्या द्यायला लागली. एक-दोन थेंब पडले, वारा सुटला, ढग सरकून गेले. दिवस मावळायला टेकला तेव्हा गंजी संपली. मालकानं पहिली पायली भरली, 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाला, आणि पोती भरायला सुरुवात झाली. गहू वाचला होता. आम्हीसुद्धा वाचलो होतो, असं मला त्या क्षणी वाटलं.

शेवटचं पोतं भरल्यावर मालकानं यांना समोर उभं केलं. राग ओसरला होता, पण बोलायचं ते तो बोललाच. "दाना घरात आला, बरं झालं. पन माया साळ्याच्या गावी तुमाले धाडनार होतो, थे आता नाई सांगत. मानसाचं ध्यान नसंल तं मशीन काय कामाची?" गडी ऐकत होते. हे मान खाली घालून उभे होते. दुपारीच कुटारात हात घालून दाखवणारा माणूस. हात पाठीमागे धरले होते, शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखे. आणि म्हणाले, "हो मालक. चुकलंच माह्यं."

मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, त्याहीची चूक नाही. बोल्ट मी ढिला केला होता."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. चाळणीचा उतार सांगितला, कुटारात दाणा कसा जातो ते सांगितलं, मातेरं सांगितलं, मागच्या वर्षीही केलं तेही सांगितलं. बोलता बोलता माझ्या छातीवरचा दगड खरोखर उतरत होता. मला बरं वाटत होतं! त्या भरात मी कुणाकडे बघितलंच नाही.

 मालक कुटाराच्या ढिगाकडे गेला, वाकला, मूठ भरली, बोटं सैल करून कुटार वाऱ्यावर सोडलं. तळव्यावर चार-पाच दाणे राहिले. त्यानं ते बोटानं वेगळे केले. मग म्हणाला, "बाई, मांगितलं असतं तं मी देल्लं असतं."

कदाचित दिलं असतं. यंत्र आल्यापासून त्यानं एकदाही दिलं नव्हतं, हेही खरं.

मावशी उठून उभी राहिली. कुटार चाळून तिच्या सुपात जो गहू जमला होता, तो घेऊन ती मालकाच्या अजून न शिवलेल्या पोत्याकडे गेली. "आमी मांगत नसतो, भाऊ," ती म्हणाली. "झाडून नेत होतो. तुमचं हाय तं घ्या." आणि सूप पोत्यात उलटं केलं. मालक 'राहू दे, राहू दे मावशी' म्हणत पुढं आला, पण दाणे पोत्यात पडले होते. पोत्यात पडलेले दाणे कुणाचे ते कोण वेगळं करणार?

अजून संपलं नव्हतं. आमचे हे पुढे झाले.  म्हणाले, "मालक, सगळं कुटार परत काढून देतो मशीनमधून. एक दाना तुमचा बाहेर जानार नाई. उद्या कोनी म्हनाले नको." मालक नको म्हणत होता, पण जोर नव्हता त्याच्या नको म्हणण्यात, आणि गडी बघत होते. यांनी हँडल मारलं. यंत्राच्या तोंडाशी मी उभी राहिले, कारण ते माझंच काम होतं. टोपल्यामागून टोपलं कुटार मी माझ्या हातांनी आत लोटलं. समोर मावशी रिकामं सूप धरून उभी होती. घट्ट चाळणीतून दाणा खाली पडत होता. सगळं मिळून जेमतेम अर्धी पायली झाला असेल. एवढ्याशा दाण्यासाठी इंजिनानं दिवसातलं सगळ्यात चांगलं काम केलं. एकदाही अडलं नाही.

मावशी निघाली तेव्हा मी तिच्यामागे धावले. काय बोलणार होते कुणास ठाऊक. माझ्या पेटीत थोडा गहू होता तो देते म्हटलं. तिनं हात वर करून थांबवलं. रागावलेली नव्हती, तेच तर कठीण गेलं.

"बोल्ट मी तुया हातात काहून देल्ला होता वं माय?" ती म्हणाली. "पदराले बांधून गप राह्यतीस. तुया नवऱ्याले दोन शब्द लागले असते, थे धुतल्यानं गेले असते. आमचं आता गेलं, थे नाही येत."

गाडीत परत जाताना हे बोलले नाहीत. मी वाट बघत होते, ओरडावं, शिव्या द्याव्यात. शेवटी मीच म्हटलं, "बोला ना काही." तेव्हा म्हणाले, "चूक म्हनून राह्यली असती तं एका मानसाची होती. तू चोरी सांगितली." आणि मग, बैलांकडे बघत, "मले तरी सांगाचं होतं. दोघं मिळून केलं असतं, नाही तं नसतं केलं." मी रडले. त्या बोलण्यानं नाही. यांना सांगणं जमलं नाही आणि चारचौघांत सांगणं जमलं, ते का, याचं उत्तर मला सापडत होतं म्हणून रडले. यांना सांगितलं असतं तर कुणी मला भली म्हणालं नसतं.

मला वाटलं होतं की आता आमचा धंदा बसला. झालं उलटंच. तो मालक जिथं जाईल तिथं सांगायला लागला, 'लोक इमानदार हायेत, बाईनं सोताच्या तोंडानं सांगितलं, रास मोजून झाल्यावर कुटार परत काढून देल्लं.' साळ्याच्या गावाहून बोलावणं आलं, तिथून पुढच्या गावचं. सगळीकडे आता एक नवीन रीत पडली. मळणी संपली की शेतकरी आपणहून म्हणायचा, 'कुटार एकदा फिरवून घ्या.' मग आम्ही फिरवायचो. यांनी चाळणीचे बोल्ट काढून तिथं न सुटणारे रिबीट ठोकले होते. यांची मान परत ताठ झाली, वस्तीतही लोक आमच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगायचे. मी ऐकायची आणि आत निघून जायची. माझ्या खरेपणाचं सगळं पीक आमच्याच घरात आलं होतं.

पुढच्या फाल्गुनात त्या मालकानं सगळ्यांच्या आधी बोलावलं. या खेपेला पाणी वरून ओतलं नाही, पितळेचा गडवा भरून हातात दिला. यांनी तो घेतला, प्याले, आणि गडवा दोन्ही हातांनी परत दिला. हे सुख त्यांना किती वर्षांनी मिळत होतं ते मला ठाऊक होतं. दिवसभर यंत्र चाललं, काहीही मोडलं नाही. बाभळीखाली कुणी नव्हतं. मळणी उरकत आली तरी कुणी आलं नाही. शेवटी राहवेना म्हणून मी मालकाला विचारलं, मावशी कुठं आहे, बरी आहे ना?

"हाय ना गावातच," तो म्हणाला. "पन आता थे कशाले येईन इकडं? तिले मालूम हाय, तुमचं काम किती चोख हाय."

त्यानं कौतुकानंच म्हटलं होतं. हे हसले. मी वाकून शेवटचं कुटार यंत्राच्या तोंडात लोटायला लागले.